बायबलच्या नव्या करारातील २७ ग्रंथ नेमके कोणी ठरवले?

प्रश्न (जालना)
इ.स. ३२५ च्या नायसिया येथील ख्रिस्ती बिशपांच्या परिषदेत रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने मतदान घेऊन नव्या करारातील ग्रंथ निवडले, असे येथील एका व्याख्यानात ठामपणे सांगण्यात आले. पैठणला नाथांनी शके १५०६ मध्ये पोथ्या ताडून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तसे हे कामही एकहाती झाले असे समजावे काय?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
तसे समजू नये. नायसियातला मुख्य वाद ख्रिस्त हा देवाने निर्माण केलेला, म्हणून पित्याच्या बरोबरीचा नाही, या एरियसच्या मताचा होता आणि परिषदेच्या २० नियमांत ग्रंथांच्या यादीचा उल्लेखही नाही. नाथांचा दाखला येथे पुरता लागू पडत नाही, कारण त्यांच्यापुढे ग्रंथ एकच होता आणि प्रश्न पाठभेदांचा होता. येथे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कोणते ग्रंथ वाचावेत हाच वाद होता. इ.स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने बाहेर काढलेल्या मार्शियनने जुना करार नाकारून लूकचे काटछाट केलेले शुभवर्तमान (येशूचे चरित्र व शिकवण सांगणारा ग्रंथ) आणि प्रेषित पौलाची १० पत्रे एवढेच प्रमाण मानले होते, आणि त्याला उत्तर देताना इतरांनाही आपले ग्रंथ कोणते हे सांगणे भाग पडले. सुमारे १८० मध्ये लियाँचा बिशप आयरेनियस शुभवर्तमाने चारच असल्याचे आग्रहाने मांडतो.

उत्तर (अंबाजोगाई)
प्रत्यक्षात हे कसे घडे, याचा नमुना अंत्युखियाच्या सेरापियन या बिशपाचा आहे. ऱ्होसस गावच्या मंडळीत येशूचा शिष्य पेत्र याच्या नावाचे शुभवर्तमान वाचले जाई. ते स्वतः नीट न वाचताच त्याने आधी परवानगी दिली. पुढे प्रत मिळवून वाचली, तेव्हा बराचसा भाग योग्य, पण काही भर संशयास्पद आढळली, आणि त्याने तसे लेखी कळवले. मला तर कोणत्याही परिषदेच्या ठरावापेक्षा हे पत्र अधिक बोलके वाटते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग २७ हा आकडा प्रथम कोठे दिसतो?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
आलेक्सांद्रियाचा बिशप अथानेशियस याच्या ३६७ च्या ईस्टरपत्रात (ईस्टर सणानिमित्त मंडळ्यांना दरवर्षी पाठवायच्या पत्रात) नेमके हेच २७ ग्रंथ आहेत. तरीही त्याच शतकातल्या बायबलच्या सिनाई या ग्रीक हस्तलिखितात बर्नबाचे पत्र आणि ‘हर्मासचा मेंढपाळ’ हेही आहेत. सिरियाक भाषेतल्या पेशित्ता या बायबलच्या भाषांतरात मुळात २२ च ग्रंथ होते. पेत्राचे दुसरे, योहानाचे दुसरे व तिसरे, यहूदाचे पत्र आणि प्रकटीकरण हा शेवटचा ग्रंथ त्यात नव्हते. पश्चिमेत मात्र शंका होती ती इब्री लोकांस पत्राविषयी. प्रकटीकरण पूर्वेकडे पुढे यादीत आले खरे, पण बायझंटाइन (पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स) परंपरेच्या उपासनेतील नेमलेल्या वाचनांत ते आजही नाही.