राखणीच्या कुत्र्याला कच्चे हाड: द्यावे की देऊ नये?

शेतकरी, दारव्हा तालुका (धागा सुरू करणारे)

आमच्या भागात जागलीला (रात्री पीक राखायला) जाणाऱ्या माणसासोबत एखादे तरी कुत्रे असतेच. हरभऱ्यात रोही (नीलगायी) आणि तुरीत रानडुकरे शिरू नयेत म्हणून रात्रभर धावणाऱ्या या जनावराच्या वाट्याला रोजची ज्वारीची भाकर आणि ताक येते, आणि घरी मटण झाले की ताटातली उरलेली हाडे येतात. सध्या पशुपालकांच्या गटांमध्ये "कुत्र्याला कोणतेही हाड देऊ नका" अशी एक सरसकट सूचना फिरत आहे. ती अर्धीच बरोबर आहे असे माझे मत आहे, आणि त्यावर चर्चा व्हावी म्हणून हे लिहीत आहे.

शिजवलेले हाड देऊ नये, हे मला पूर्ण मान्य आहे. हाडात कोलॅजन नावाचे चिवट प्रथिन आणि पाणी असते आणि त्यांच्यामुळेच कच्चे हाड थोडे लवचीक राहते. कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या झाल्या की ते प्रथिन विरघळून रश्शात उतरते आणि मागे राहते ते ठिसूळ, टोकदार कपच्या होणारे हाड. म्हणजे आपण पिढ्यान्‌पिढ्या जे देत आलो तेच सर्वांत धोक्याचे आहे. पण त्याच बोकडाच्या मानेचा किंवा बरगडीचा ताजा, मांस लागलेला कच्चा तुकडा कुत्रे पुढच्या दोन पायांत धरून, मान वाकडी करून, दाढेच्या बाजूने सावकाश चावते तेव्हा त्याला कॅल्शियम मिळते, दात साफ होतात आणि साखळीला बांधलेल्या जनावराला दिवसा काही उद्योगही मिळतो. तुकडा कुत्र्याच्या तोंडापेक्षा मोठा असावा, नळीचे हाड नसावे आणि खाऊन होईपर्यंत माणूस जवळ असावा, एवढे पाळले तर कच्चे हाड द्यायला हरकत नसावी.

पशुवैद्यक, आर्वी

भाऊ, शिजवलेल्या हाडाबद्दल आपण लिहिले ते योग्यच आहे. मात्र शिजवलेले हाड वाईट म्हणून कच्चे सुरक्षित, असे ठरत नाही. माझ्याकडे येणारा पशुपालक बहुतेक वेळा "कुत्र्याची लघवी अडली" अशी तक्रार घेऊन येतो. प्रत्यक्षात ते कुत्रे पाठ वाकवून पुन्हा पुन्हा बसत असते, कुंथत असते, आणि बाहेर पडतो तो खडूसारखा पांढरा कोरडा चुरा, कधी त्यासोबत रक्ताचे थेंब. मोठ्या आतड्यात हाडाचा चुरा घट्ट बसलेला असतो आणि गुंगी देऊन, पाण्याने भिजवत भिजवत तो बोटांनी काढावा लागतो. हे कच्च्या हाडानेही होते. भुकेले कुत्रे, आणि त्यातही शेजारी दुसरे कुत्रे उभे असलेले कुत्रे, चावत बसत नाही, ते गिळते. अन्ननलिकेत अडकलेला तुकडा काढण्याची सोय तालुक्याच्या दवाखान्यात नसते आणि नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयापर्यंत रात्री जनावर नेणे किती जणांना जमते, याचा विचार करावा.

दुसरे असे की वरच्या जबड्यातील ज्या मोठ्या दाढेने कुत्रे हाड फोडते, त्याच दाढेची उभी कपची निघते. मुळापर्यंत गर उघडा पडतो, पण कुत्रे तक्रार करीत नाही, म्हणून मालकाला महिनोन्‌महिने कळत नाही. पुढे डोळ्याखाली गाठ येऊन पू वाहू लागला की तो दवाखान्यात येतो.

कोंबडीच्या मानेबद्दलही सावध करतो, कारण ती स्वस्त आणि मऊ म्हणून बरेच जण देतात. मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की कच्ची कोंबडी खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये मागच्या पायांपासून सुरू होणारा एक पक्षाघात आढळतो आणि त्याचा संबंध कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूशी लागतो.

श्वानपालक, कारंजा (लाड)

डॉक्टर साहेबांनी सांगितलेले धोके खरे आहेत, परंतु त्यांच्या दवाखान्यात केवळ बिघडलेलीच प्रकरणे येणार. ज्या कुत्र्यांना कच्च्या हाडाने काही झाले नाही, ती त्यांना दिसणार कशी? ऑस्ट्रेलियातील इयान बिलिंगहर्स्ट हे स्वतः पशुवैद्य असून त्यांनी १९९३ पासून कच्च्या मांसल हाडांच्या आहाराचा पुरस्कार केला. ब्राझीलमध्ये बीगल जातीच्या कुत्र्यांना गोवंशाची कच्ची हाडे चघळायला देऊन केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अवघ्या काही आठवड्यांत दातांवरचा साचलेला दगडी थर मोठ्या प्रमाणात निघून गेला होता. आपल्याकडे कुत्र्याचे दात कोण घासतो? कुत्रा हा मुळात लांडग्याच्या कुळातला प्राणी आहे. भाकर-ताकावर त्याला ठेवणे, हाच मला अन्याय वाटतो.

पशुवैद्यक, आर्वी

लांडग्याच्या मुद्द्यापुरते लिहितो. २०१३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या जनुकीय अभ्यासानुसार पिठूळ अन्न पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोनच असतात, तर कुत्र्यात त्या कितीतरी अधिक असतात. माणसाच्या सोबतीने हजारो वर्षे राहून कुत्रे भाकर पचवायला शिकले आहे. भाकरीसोबत अंडे, डाळ, थोडे शिजवलेले मांस आणि कॅल्शियम मिळाले तर त्यात अन्याय काही नाही. कॅल्शियमसाठी हाडच हवे असेही नाही, कारण अंड्याचे कवच जवळपास सगळे कॅल्शियम कार्बोनेट असते. ते उकळून, वाळवून, मैद्यासारखे बारीक दळून चिमूटभर भाकरीत मिसळावे. मोठ्या जातीच्या पिल्लांना मात्र तेही मोजूनच द्यावे, कारण वाढीच्या वयात कॅल्शियम जास्त झाले तरी हाडे वाकडी होतात. ब्राझीलच्या अभ्यासात मोजकी कुत्री होती आणि ती देखरेखीखाली होती. गोठ्यामागे सोडलेल्या कुत्र्याला तो निष्कर्ष लावता येत नाही.

शेळीपालक, खामगाव तालुका

आपण सर्व कुत्र्याच्या दातांवर आणि आतड्यांवर बोलत आहात. माझे नुकसान शेळ्यांचे होते, म्हणून माझीही बाजू ऐकावी. आठवडी बाजारात खाटकाकडे ज्या मुंड्या विकल्या जात नाहीत, त्या कुत्र्यांपुढे पडतात. बोकडाच्या मेंदूत पाण्याने भरलेली फुगी असेल आणि ती कुत्र्याने खाल्ली, तर कुत्र्याच्या आतड्यात लांब पट्टकृमी तयार होतो. त्याची अंडी विष्ठेतून चराईच्या गवतावर जातात, तिथून कोवळ्या पाठींच्या (शेळीच्या मादी पिल्लांच्या) पोटात आणि पुढे मेंदूत. मग पाठ कळपाबाहेर उभी राहते, मान एका अंगाला टाकते, एकाच दिशेने गोल गोल फिरते आणि चारा तोंडाशी असून खात नाही. कवटीवर बोट दाबले तर हाड मऊ लागते. अशा पाठीवर औषधाचा उपयोग फारसा होत नाही. म्हणून कुत्र्याला मुंडी घालणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे की त्याचे कुत्रे धडधाकट राहील आणि दुसऱ्याची शेळी मरेल.

आरोग्यसेविका, मेहकर तालुका

शेळीपालक दादांनी सांगितलेल्या कृमीचाच एक भाऊबंद माणसाला लागतो, आणि माझ्या मते या चर्चेत सर्वांत आधी तोच यायला हवा होता. शेळी, मेंढी, म्हैस यांच्या कलेजीत आणि फुप्फुसात पाण्याच्या गाठी असतात. खाटीक त्या कापून बाजूला टाकतो आणि कुत्रे त्या उचलते. कुत्र्याच्या आतड्यात त्यापासून जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे कृमी तयार होतात, हजारोंच्या संख्येने, तरी कुत्रे आजारी दिसत नाही. त्याच्या केसांना लागलेली अंडी अंगणात त्याच्याशी खेळणाऱ्या मुलाच्या हाताला लागतात आणि त्या हाताने मूल भाकर खाते. मग त्याच्या यकृतात किंवा फुप्फुसात हायडॅटिड नावाची गाठ वाढू लागते, ती वर्षानुवर्षे गप्प असते आणि मोठेपणी पोट दुखू लागले म्हणून सोनोग्राफी केल्यावर दिसते. पुष्कळदा शस्त्रक्रियेशिवाय इलाज नसतो, आणि गाठ आतल्या आत फुटली तर जीवावर बेतते.

साध्या हाडात ही गाठ नसते हे मला माहीत आहे. पण खाटकाकडून "कुत्र्यासाठी" म्हणून जी पिशवी येते, तिच्यात नुसती हाडे कधीच नसतात. हाडाला परवानगी म्हणजे त्या पिशवीला परवानगी, म्हणून माझा विरोध आहे.

शेतकरी, दारव्हा तालुका

ताईंचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे आणि त्याला माझा विरोध नाही. फुप्फुस, कलेजी, मुंडी कच्ची देऊच नये. द्यायची तर चांगली उकळून द्यावी, कारण उकळल्यावर गाठीतले कृमीचे अंकुर मरतात. जंताच्या औषधाबाबतही एक गोष्ट इथे नोंदवतो. गावात जे स्वस्त पायपेराझिनचे पातळ औषध मिळते ते गोल जंतांवर चालते, पट्टकृमीवर नाही. पट्टकृमीसाठी प्राझिक्वान्टेल असलेली गोळी लागते, आणि बाजारातली घाण खाण्याची सवय असलेल्या कुत्र्याला ती साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते.

मात्र पूर्ण बंदी मला आजही पटत नाही. कारण मी हाड दिले नाही तर कुत्रे हाडावाचून राहते, असे होत नाही. ते गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या ढोरावर जाते. पूर्वी ते ढोर गिधाडे साफ करायची. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडे मेली, २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण गिधाडे परत आली नाहीत आणि ती जागा कुत्र्यांनी घेतली. फाशी (अँथ्रॅक्स) या रोगाने मेलेले जनावर तिथे पडले असेल तर कुत्री ते फाडतात आणि रोगाचे बीज मातीत वर्षानुवर्षे राहते. घरी पोटभर खाऊन, बरगडीचा एक स्वच्छ तुकडा चघळून बांधलेले कुत्रे तिकडे जात नाही, असा माझा अनुभव आहे.

पशुवैद्यक, आर्वी

बांधलेले कुत्रे जात नाही ते बांधल्यामुळे, बरगडीमुळे नव्हे. आपल्या पद्धतीने, समोर बसून, निवडून हाड देणाऱ्याला मी अडवणार नाही. परंतु दवाखान्यात विचारणाऱ्या प्रत्येकाला मी "देऊ नका" असेच सांगेन, कारण निवडून आणि समोर बसून देणारे थोडे असतात.

शेळीपालक, खामगाव तालुका

खाटकांच्या जागेजवळ कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका खोल, झाकणाचा खड्डा ग्रामपंचायतीने करावा आणि मुंड्या व आतडी त्यातच पडावीत, हा विषय मी येत्या ग्रामसभेत मांडणार आहे. हाडाबद्दल ज्यांचे एकमत नाही, त्यांनीही या ठरावाला हात वर करावा, ही विनंती आहे.