मदत हवी आहे: पहिली-दुसरीच्या मुलांचा डिजिटल संचय कसा जपावा?

नमस्कार. मी साक्री तालुक्यात (धुळे जिल्हा) जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. पोरं घरी अहिराणी बोलतात. जूनमध्ये गप्प बसणाऱ्या एका मुलीने श्रावणात कानबाईची (आमच्या खानदेशातली देवी) गोष्ट आधी अहिराणीत, मग मराठीत सांगितली. मी ती मोबाइलवर रेकॉर्ड केली. तिच्या आईने तीनदा ऐकली! तेव्हापासून प्रत्येकाच्या कामाचं फोल्डर ठेवते, तोच हा संचय: चित्रं, वाचनाचा आवाज, पाटीवरच्या बेरजेचा फोटो.

गूगलची मोफत 15 जीबी जागा व्हिडिओंनीच भरत आली. व्हिडिओ सोडून फक्त आवाज ठेवावा का? आणि काही मुलं ऊसतोडीला आई-बापासोबत जातात, तिकडच्या शाळेत हा संचय कसा पोहोचवायचा? पालकांकडे साधेच फोन आहेत. संमती लेखी घेते. कुणी पेनड्राइव्हवर केलंय का? नक्की सांगा.