बर्चच्या बीतली अळी आणि आपल्या ज्वारीची मिजमाशी एकच का?

मालदांडीवाला, मंगळवेढा
रामराम मंडळी. लेक-जावई स्कॉटलंडला असतात. नातीनं व्हिडिओ कॉलवर बर्चच्या झाडाखालचं बी दाखवलं. चांगल्या बीला दोन्ही अंगांनी पातळ पंख असतात. पण काही बिया फुगीर, पंख आखडलेले. जावयानं एक नखानं फोडली तर आत इवलीशी नारिंगी अळी! मला लगेच आपली ज्वारी आठवली. एका साली हायब्रीड उशिरा पेरली आणि अर्धी कणसं पोचट निघाली. बोंड चिमटीत दाबलं की बोटाला लालसर पाणी लागायचं. आता नात म्हणते, "आजोबा, बी पाठवते, बांधावर लावा." पोरीचं मन मोडवत नाही, पण ती कीड आमच्या शिवारात शिरली तर? जाणकारांनी सांगावं.

भीमाकाठ
काका, आधी झाड तर जगू द्या! बर्च म्हणजे आपल्या भूर्जपत्राच्या झाडाचा भाऊबंद. आपल्याकडचा भूर्ज हिमालयात तीन हजार मीटरच्या वर वाढतो. गोमुखाच्या वाटेवरचं भोजबासा याच झाडाच्या नावानं. सोलापूरच्या मे महिन्यात त्याचं रोप तग धरणार नाही.

निवृत्त कृषी सहायक, सोलापूर
काका, तुमची नजर पक्की आहे. दोन्ही एकाच घराण्यातल्या, सेसिडोमायिडी कुळातल्या. पण कीड एक नव्हे. बर्चच्या बीत राहणारी सेमुडोबिया, ज्वारीतली स्टेनोडिप्लोसिस. बर्चवाली ज्वारीकडे ढुंकून बघणार नाही आणि ज्वारीवाली बर्चकडे. या माशांचं आपापल्या झाडाशी फार घट्ट नातं असतं.

बर्चची माशी कोवळ्या लोंबीत अंडी घालते. अळीमुळे बी फुगते, तिची गाठ होते, आणि ती गाठच अळीचं घर. थंडी तिथंच, जमिनीवर पडलेल्या बीत काढायची आणि वसंतात माशी होऊन बाहेर पडायचं. वर्षाला एक पिढी. झाड त्यानं मरत नाही, काही बिया तेवढ्या वाया जातात.

ज्वारीत गाठ होत नाही. माशी सकाळच्या वेळी फुलोऱ्यात बोंडात अंडी घालते, अळी कोवळा दाणा शोषते, दाणा भरतच नाही. माशी जेमतेम दिवसभर जगते, पण अंड्यापासून नवी माशी दोन-अडीच आठवड्यांत तयार. एका हंगामात पिढ्यांवर पिढ्या होतात, म्हणून मागास पेरलेल्या रानावर सगळा भार येतो. तुमचं तेच झालं. पुन्हा शंका आली तर बोंडाचं टोक निरखून बघा. माशी निघून गेली की कोषाची पांढरी कात तिथंच अडकून राहते. मी शेतकऱ्यांना हातात कणीस देऊन हेच दाखवायचो.

बी मात्र मागवू नका, ही माझी कळकळीची विनंती. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे परदेशी बियाण्याला आयात परवाना आणि तिकडचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ही अळी ज्वारीला लागणार नाही, पण त्याच पाकिटातून आणखी काय येईल याची हमी कोण देणार?

मालदांडीवाला, मंगळवेढा
साहेब, जीव भांड्यात पडला. नातीला सांगतो, बी तिथंच राहू दे, वसंतात माशी निघते का बघ आणि मला दाखव. एक विचारू? मळणीनंतरचा बोंडांचा भुसा खळ्याच्या कडेला तसाच पडून असतो. त्यात अळी राहते का?

निवृत्त कृषी सहायक, सोलापूर
राहते. काही अळ्या पोचट बोंडात सुप्तावस्थेत जातात आणि पुढच्या पावसाळ्यात, कधी त्याच्याही पुढच्या वर्षी निघतात. तो भुसा पावसाआधी जनावरांना घाला, नाहीतर नष्ट करा. आणि खरिपाची ज्वारी घेणार असाल तर शेजाऱ्यांशी बोलून सगळ्यांनी एकाच आठवड्यात पेरा. फुलोरा एकदम आला की माशीला पिढ्या वाढवायला सवडच मिळत नाही.