मदत हवी आहे: देवगडकडील धर्मादाय रुग्णालयाच्या जुन्या नोंदी आणि वर्गणीदारांची नावे

नमस्कार. देवगड तालुक्यातील आमच्या गावच्या धर्मादाय रुग्णालयाचा आणि ते चालवणाऱ्या न्यासाचा इतिहास लिहून काढण्याचे काम विश्वस्त मंडळाने माझ्याकडे सोपवले आहे. त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

पहिला प्रश्न स्थापनेच्या वर्षाचा. दर्शनी भिंतीवरील संगमरवरी पाटीवर स्वातंत्र्यापूर्वीचे वर्ष कोरलेले आहे, तर न्यासाचे प्रमाणपत्र मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालचे आहे. काही विश्वस्तांच्या मते प्रमाणपत्रावरचेच वर्ष छापावे. मला ते पटत नाही, कारण तो कायदा आल्यावर आधीपासून चालू असलेल्या संस्थांनाही नोंदणी करणे भाग पडले. त्यामुळे प्रमाणपत्रावरून नोंदणी केव्हा झाली एवढेच कळते, दवाखान्यात पहिला रुग्ण केव्हा तपासला गेला ते कळत नाही. शिवाय आमच्या नोंदणी क्रमांकाआधी ‘एफ’ हे अक्षर आहे, म्हणजे संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालीही नोंदलेली असणार, आणि तिची मूळ घटना, म्हणजे संस्थेची नियमावली, हाती आली तर वाद बराचसा मिटेल. १९५० च्या कायद्याच्या कलम १८ खालचा नोंदणीचा मूळ अर्ज आणि त्यावरील चौकशीचा आदेश यांच्या प्रमाणित नकला कोणी मिळवल्या आहेत का? सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, तेव्हा त्याआधीच्या फायली धर्मादाय आयुक्तांच्या रत्नागिरी कार्यालयात पाहाव्यात की कोल्हापूरच्या?

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. पाटीवर मोठ्या देणगीदारांची नावे आहेत; पण कपाटात सापडलेल्या पावती पुस्तकांच्या स्थळप्रतींत कार्बनच्या फिकट निळ्या अक्षरांत एक रुपया, दोन रुपये अशा वर्गण्या पानोपानी दिसतात, आणि कित्येक नावांपुढे परळ, लालबाग, शिवडी येथील चाळींचे पत्ते आहेत. काही पावत्यांना मनीऑर्डरची कुपने टाचलेली आहेत. त्यांतील एकावर ‘बाळंतिणीच्या खोलीसाठी’ एवढेच लिहिले आहे. गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्यांनी आपल्या पगारातून पाठवलेल्या या पैशांवर रुग्णालयाच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत, आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे पत्ते विरळ होत गेलेलेही त्याच पुस्तकांत दिसते. हा भाग वगळून लिहिलेला इतिहास मला अपुरा वाटेल.

मात्र मधली अनेक पुस्तके गहाळ आहेत. मुंबईतील ग्रामस्थ मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्या किंवा सभांची इतिवृत्ते कोणाच्या घरी, अथवा गाववाल्यांच्या सामाईक खोलीत, अजून जपलेली असतील तर कृपया कळवावे. सावंतवाडीच्या ‘वैनतेय’ साप्ताहिकाचे जुने अंक कोणत्या ग्रंथालयात बसून पाहता येतील, हेही सांगावे. कोनशिला, उद्घाटन, देणग्यांची पोच अशा बातम्या तिथे मिळण्याची आशा आहे.

आणखी एक विचारायचे आहे. वर्गणीदारांची नावे रकमेशिवाय, वाडीवार छापावीत असे माझे मत आहे, म्हणजे एक रुपया देणारा आणि हजार देणारा एकाच यादीत येतील. अशी यादी कोणी छापली असल्यास वारसांची संमती कशी घेतली, आणि एकाच नावाच्या दोन व्यक्तींचा उलगडा कसा केला?