पोरं तीन (अडीच, सहा, दहा), सोबत गुडघे दुखणाऱ्या सासूबाई, पुण्यात रविवारी कुठे न्यायचं?

कर्वेनगरची आई

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत नणंद येतेय नागपूरहून, तिचा मुलगा दहा वर्षांचा, माझी लेक सहाची, धाकटा अडीचचा, आणि सासूबाई, ज्यांचे गुडघे जिना दिसला की आधीच बोलायला लागतात. म्हणजे आम्ही एकूण सात जण आणि गाडी पाच सीटर. मागच्या वेळी पाहुणे आले होते तेव्हा एका मॉलमधल्या प्लेझोनला गेलो, तासाला माणशी सहाशे, वर ते रबरी ठिपक्यांचे मोजे तिथूनच विकत घ्यायचे (घरी आता त्याचे चार जोड पडलेत), आणि आत इतका दणदणाट की धाकटा पूर्ण वेळ कानावर हात ठेवून माझ्या कडेवर. त्यामुळे यंदा मोकळी जागा हवीय, झोके, घसरगुंडी, थोडी माती, सावलीत एखादा बाक आणि बरं टॉयलेट. सोसायटीच्या बागेत नेते रोज, पण तिथे दोन झोके आणि त्यावर आठवीतल्या मुली मोबाईल घेऊन बसलेल्या असतात, त्यांना उठा म्हणायचं जिवावर येतं. तर खरंच जाऊन आलेल्यांनी सांगा, नुसती नावं नकोत, नावं मलाही माहितीयेत.

पेठकर

ताई, एवढं डोकं कशाला खाजवायचं, सारसबाग आणि पेशवे पार्क. दोन्ही शेजारी शेजारी, एकात सासूबाईंचं दर्शन, दुसऱ्यात पोरांचा दंगा. फुलराणी, म्हणजे पोरांची छोटी झुकझुकगाडी, १९५६ पासून आहे तिथे, मी बसलोय, माझा मुलगा बसला, आता नात बसते. आमच्या लहानपणी पेशवे पार्कात हत्ती होता, वाघसिंह होते, ते सगळं नंतर कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात नेलं. आता एका भागात ऊर्जा उद्यान आहे. फुलराणी मधूनमधून दुरुस्तीला बंद असते तेवढं निघायच्या आधी विचारून घ्या, नाहीतर पोरगं गेटवरच बसकण मारेल.

आणि डिसेंबर आहे म्हणून मुद्दाम सांगतो, थंडी पडली की सारसबागेतल्या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात. पोरांना ते बघायला फार आवडतं. फक्त "तळ्यातला गणपती म्हणतात मग तळं कुठंय" हे उत्तर तयार ठेवा. १७८४ सालचं देऊळ, तेव्हा भोवती खरंच तलाव होता, देऊळ मधल्या बेटावर, पुढे तो बुजवला आणि बाग झाली. आता कमळांपुरतं पाणी आहे. सकाळी जा, नऊच्या आत.

दोन वाघांचा बाप

काका, रविवारी संध्याकाळी सारसबागेत जाऊन दाखवा. गणपतीच्या आधी पार्किंगवाल्यापुढे हात जोडावे लागतात.

पेठकर

म्हणूनच सकाळी जा म्हटलंय. वाचत जा.

औंधची ताई

जागा कुठलीही निवडा पण धाकट्याबद्दल एक सांगते, कारण आमच्यावर बेतलंय. घसरगुंडीवर त्याला मांडीवर घेऊन घसरू नका. माझी लेक दोन वर्षांची होती, एका बागेत (नाव नाही सांगत, बागेची काही चूक नव्हती) ती एकटी बसायला घाबरत होती म्हणून मी मोठ्या कौतुकानं मांडीवर घेऊन बसले, आणि निम्म्यात तिच्या बुटाचा रबरी तळ घसरगुंडीच्या कडेला घासून अडकला. ती एकटी असती तर तिथेच थांबली असती, पण मागून माझं अख्खं वजन खाली येत होतं, पाय तिथेच राहिला आणि अंग पुढे गेलं. आवाज वगैरे काही नाही आला. खाली उतरल्यावर ती रडली, मग गप्प झाली, फक्त पाय टेकवेना. मला वाटलं मुरगळला असेल, संध्याकाळपर्यंत हळद लावत बसले. एक्सरेत नडगीच्या हाडाला चीर. डॉक्टर म्हणाले की एवढ्या लहान मुलांत घसरगुंडीवर असं होतं ते बहुतेक वेळा आईबापांच्या मांडीवरच. साडेतीन आठवडे प्लास्टर, आणि दोन वर्षांच्या मुलीला प्लास्टर ओलं होऊ न देता आंघोळ घालणं काय असतं ते मी इथे लिहीत नाही.

तर एकट्याला बसू दे, तुम्ही बाजूला उभ्या राहा, घाबरला तर लहान घसरगुंडी शोधा, नाहीतर राहू दे, पुढच्या वर्षी घसरेल. पत्र्याची असेल तर आधी उलटा हात लावून बघा, अकरानंतर डिसेंबरातसुद्धा तापते. झोक्याच्या पुढून मागून पळू देऊ नका. आणि हल्ली प्रत्येक बागेत ती ओपन जिमची पिवळी निळी मशीनं असतात ना, पोरांना तीच खेळणी वाटतात, त्या सांध्यांत बोटं जातात. आमच्याकडे एक आजोबा व्यायाम करत होते आणि एक पिल्लू खालून दांडा धरून बसलेलं, मी ओरडले म्हणून वाचलं.

एम्प्रेसवाली

मी एम्प्रेस गार्डन म्हणेन, रेसकोर्सजवळचं. ३९ एकर आहे, तिकीट आहे पण थोडकंच. तिथली झाडंच इतकी जुनी आणि उंच आहेत की बारा वाजताही सावली मिळते, आणि झाडांवरून मनगटाएवढ्या जाड वेली लोंबकळतात, माझा मुलगा त्याला टारझनची दोरी म्हणतो (लटकू देत नाहीत हां, बघायचंच). ओढा आहे, खेळणी आहेत, चटई टाकून आरामात बसता येतं, आम्ही पोळीभाजीचा डबा नेला होता. सासूबाईंना चढउतार जवळजवळ नाही. कर्वेनगरहून लांब पडेल तेवढंच. २६ जानेवारीच्या आसपास तिथे फुलांचं प्रदर्शन असतं, फुलं बघायची असतील तर तेव्हा जा, पण पोरं पळवायची असतील तर तेव्हा अजिबात नको, फुलांपेक्षा डोकीच जास्त दिसतात.

आणि कोणी पु. ल. देशपांडे उद्यान सुचवायच्या आत सांगते, बाग अप्रतिम आहे, जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बनवलेली, पाणी, पूल, रंगीत मासे, सगळं देखणं. पण ती चालत चालत बघायची बाग आहे. हिरवळीवर पाय पडला की शिट्टी. अडीच वर्षांच्या मुलाला हिरवळ दाखवायची आणि वर जाऊ नको म्हणायचं म्हणजे श्रीखंडाचं पातेलं समोर ठेवून उपास सांगितल्यासारखं. सासूबाईंना एकट्या घेऊन जा, खूश होतील.

कर्वेनगरची आई

औंधच्या ताई, बाप रे, मी दर वेळी मांडीवरच घेते त्याला! आजपासून बंद. एम्प्रेस छान वाटतंय, पण सात जण म्हणजे दोन रिक्षा जाताना दोन येताना. कात्रजचं कसं आहे? भाच्याला प्राणी आवडतात.

दोन वाघांचा बाप

कात्रज मस्त, पण बुधवारी बंद असतं, हे मी दोन रडणारी मुलं घेऊन गेटवर शिकलोय. १३० एकर आहे, चालून चालून पोरांचा जीव जातो, त्यांच्यासाठी आणि सासूबाईंसाठी बॅटरीवरची गाडी मिळते तिची रांग आधी लावा. सर्पोद्यान चुकवू नका. पण ते प्राणिसंग्रहालय आहे, खेळाचं मैदान नाही, अडीचवाला एक हरिण बघून झोपेल आणि उरलेला वेळ तुम्ही बारा किलो उचलून फिराल. दहावाल्याला वेगळं न्या.

चिंचवडकर

पुणे म्हणजे फक्त लकडी पुलाच्या अलीकडचं पलीकडचं नाही मंडळी. चिंचवडला ऑटो क्लस्टरजवळ सायन्स पार्क आहे, दहा वर्षांच्या मुलाला तिथे सोडा, आत प्रयोग, बाहेर आवारात हात लावून बघायची मोठी मोठी यंत्रं, आमचा दोन तास हलला नाही. निगडीत अप्पूघर आहे, राइड्स आहेत, झगमगाट कमी पण पोरांना त्याचं काय. लोकांना आमच्याकडे यायचं म्हटलं की परदेशात निघाल्यासारखं वाटतं.

टेकडीवाला

दहा वर्षांच्या मुलाला बागेतली खेळणी लहान पडतात हे कोणी लक्षातच घेत नाहीये. ती सगळी आठ वर्षांपर्यंतची असतात, मोठा मुलगा मग सीसॉवर उभा राहतो, घसरगुंडी उलटी चढतो आणि खालच्या पिल्लांवर येऊन आदळतो, मग त्याला सगळे ओरडतात. त्याची चूक नसते. त्याला सकाळी साडेसहाला वेताळ टेकडीवर न्या, नशीब असेल तर मोर दिसतो, नाहीतर आवाज तरी येतो, जुन्या खाणीतलं पाणी लांबून दाखवा (जवळ नाही, खोल आहे). खर्च शून्य. घाम निघाला की दिवसभर शहाण्यासारखा वागतो. उरलेल्यांना झोपू द्या.

पेठकर

ताई, गाडीचं एवढं काय घेऊन बसलात, मेट्रोने या की. नळ स्टॉपला बसा, जिल्हा न्यायालयला बदला, स्वारगेटला उतरा, तिथून सारसबाग सासूबाईंना रिक्षा आणि बाकीच्यांना पाय. पोरांची अर्धी सहल मेट्रोतच होते. आमची नात बागेपेक्षा सरकत्या जिन्यावर जास्त रमते. आणि हो, बऱ्याच बागा दुपारी बंद ठेवतात, अकराच्या सुमारास बाहेर काढतात, तेव्हा लवकर निघा.

कर्वेनगरची आई

झालं, जाऊन आलो काल, म्हटलं कळवते.

भाच्याला आधी नवऱ्याने पहाटे टेकडीवर नेला, मोर नाही दिसला पण धापा टाकत परत आला आणि गुपचूप पोहे खाल्ले, टेकडीवाले दादा तुम्हाला शंभर मार्क. मग दोन रिक्षा करून नळ स्टॉप. भाचा आधी नाक वर करून, आमच्या नागपूरलापण आहे मेट्रो वगैरे. खिडकीतून नदीपात्र, मग डेक्कन आणि संभाजी उद्यान स्टेशनांची ती मावळ्यांच्या पगडीसारखी छपरं, त्यावर "ठीक आहे" एवढंच. मग जिल्हा न्यायालयला उतरलो आणि खाली जायला लागलो. एक सरकता जिना, मग दुसरा, मग अजून एक. ते स्टेशन ३३ मीटर खोल आहे म्हणे, म्हणजे दहा मजली इमारत उलटी. नागपूरची मेट्रो कुठेच जमिनीखाली जात नाही, त्यामुळे साहेबांचं तोंड तिसऱ्या जिन्याला बंद झालं ते स्वारगेटपर्यंत उघडलंच नाही. सासूबाई लिफ्टने, त्या आमच्या आधी फलाटावर पोचून बाकावर बसलेल्या.

गणपतीला खरंच स्वेटर होतं! आणि कानटोपी. आता आमचा धाकटा, ज्याला टोपी घातली की दोन सेकंदांत जमिनीवर असते, तो गणपतीकडे बघत उभा राहिला, मग माझ्या पर्सकडे बोट दाखवून "माझी". घातली टोपी. घरी येईपर्यंत काढली नाही, उन्हात गाल लाल झाले तरी नाही, रात्री झोपतानासुद्धा नाही.

फुलराणी चालू होती, पंचवीस मिनिटं रांग. सासूबाई म्हणाल्या मी बसते बाकावर, तुम्ही जा, पण लेकीने त्यांचा हात सोडलाच नाही, मग बसल्या, आणि गाडी सुटल्यावर सगळ्यांत जोरात हात हलवणारी बाई कोण तर आमच्या सासूबाई. नणंदेने व्हिडिओ काढलाय, तो आता पूर्ण खानदानात फिरतोय.

घसरगुंडीचं सांगायचं म्हणजे, औंधच्या ताई, तुम्हाला आठवून मी मांडीवर घेतलं नाही. एकटा चढला, वर जाऊन बसला, आणि बसूनच राहिला. मागे सात आठ मुलांची रांग. एक मोठी मुलगी त्याला समजावतेय, अरे घसर ना, काही होत नाही. मी खाली हात पसरून उभी. तो दोन मिनिटं सगळ्यांकडे बघत बसला, मग शांतपणे उठला, उलटा फिरला आणि त्या सगळ्या मुलांना बाजूला व्हायला लावून शिडीने खाली उतरला. टोपी डोक्यावर. असं तीनदा केलं. चौथ्यांदा रांगेतल्या पोरांनी आपणहून वाट करून दिली.

तक्रारी दोन. टॉयलेट म्हणजे जाऊन आलो इतकंच, साबण आणि टिश्यू घरूनच न्या. आणि अडीच वर्षांच्या मुलांचे झोके, ते पुढून बंद असलेले, हे कुठे नीट मिळतील का? साध्या पाटीच्या झोक्यावर त्याला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने ढकलताना माझा खांदा गेला. एम्प्रेस पुढच्या महिन्यात, प्रदर्शन झाल्यावर.

औंधची ताई

शिडीने उतरला हे वाचून इतकं बरं वाटलं! पाटीच्या झोक्याचं म्हणाल तर जुनी ओढणी न्यायची, पोटावरून घेऊन मागे दोन्ही साखळ्यांना आडवी बांधायची, पण हात सोडायचा नाहीच, नुसता आधार. आणि निघताना आठवणीने सोडून आणा, लोंबकळत राहिली तर दुसऱ्या कुणाच्या गळ्यात अडकायची. माझ्या दोन ओढण्या तशाच राहिल्यात कुठे कुठे.

दोन वाघांचा बाप

मस्त झाली की सहल. रविवारी पार्किंग कुठे मिळालं पण?

कर्वेनगरची आई

मेट्रोने गेलो. गाडी घरीच.

पेठकर

वाचत जा रे.