स्पॅनिश 'यावे': किल्ली, नळ, पाना की कुस्तीतली पकड?

विचारणा
स्पॅनिश शिकायला लागून चार महिने झाले. 'ला यावे' म्हणजे किल्ली, हे पहिल्याच आठवड्यात पाठ केलं होतं. काल एका मेक्सिकन बाईंचा स्वयंपाकाचा व्हिडिओ बघत होते. त्या मुलीला म्हणाल्या, 'आब्रे ला यावे'. मी किल्ली शोधतेय, आणि मुलीने सरळ नळ सोडला! या शब्दाला अजून किती अर्थ आहेत?

उत्तर
बरेच. आधी उच्चार: लिहिताना सुरुवातीला दोन 'एल', पण म्हणताना 'यावे', ब्यूनोस आयरेसकडे 'शावे'. यातला 'व' आपल्या 'व' आणि 'ब' यांच्या मधला. लग्नपत्रिकेतलं 'अगत्य यावे' आठवा, विसरणार नाही. लिंग स्त्रीलिंगी, किल्लीसारखंच.

कुलूप लावण्याला 'सेर्रार कोन यावे' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'किल्लीने बंद करणे'. नुसतं 'सेर्रार' म्हटलंत तर दार फक्त बंद होईल, कुलूप लागेलच असं नाही.

नळाचा अर्थ मेक्सिकोत रोजचा आहे. स्पेनमध्ये मात्र नळाला 'ग्रिफो' म्हणतात, अर्जेंटिनात 'कानिशा'. पण घराचं पाणी तोडायचा मुख्य व्हॉल्व्ह स्पेनमध्येही 'यावे दे पासो'च. यात आपल्याला नवल वाटायला नको. मुंबईत वस्तीवस्तीला पाणी सोडणारा पालिकेचा माणूस 'चावीवाला'च असतो की!

मेकॅनिकच्या हातातला पानाही 'यावे'. तोंड लहानमोठं करता येणारा पाना स्पेनमध्ये 'यावे इंग्लेसा', म्हणजे 'इंग्रजी किल्ली'. प्रोग्रामिंग करत असाल तर महिरपी कंसही 'यावेस'.

पुरवणी
कुस्तीचं राहिलं. मेक्सिकोच्या 'लुचा लिब्रे'त प्रतिस्पर्ध्याचा हात किंवा पाय पिळून त्याला जखडायचं, ती पकड म्हणजे 'यावे'. ज्युदोतही हाच शब्द. आपल्याकडचा 'डाव' याहून व्यापक आहे, त्यामुळे 'यावे'साठी 'डाव' सरसकट वापरू नका. धोबीपछाड हा डाव खरा, पण ती फेक आहे, पकड नव्हे.

आणि कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर कुणी 'मी यावे' (शब्दशः 'माझी किल्ली') म्हणालं तर तो स्वतःची किल्ली मागत नसून तुम्हाला 'मित्रा' म्हणतोय.

विचारणा
मग आपली 'चावी' यातूनच आली का? आमच्या पुण्यात 'किल्ली'च म्हणतात, पण आजोळी कोकणात 'चावी'.

उत्तर
स्पॅनिशमधून नाही, तिच्या बहिणीकडून. 'चावी' आली पोर्तुगीजमधून. दोघींचं मूळ लॅटिन 'क्लाविस'. शब्दाच्या सुरुवातीच्या 'क्ल', 'प्ल', 'फ्ल'चा स्पॅनिशमध्ये बऱ्याचदा 'य' झाला, पोर्तुगीजमध्ये 'च'. पाऊस लॅटिनमध्ये 'प्लुविया', स्पॅनिशमध्ये 'युविया', पोर्तुगीजमध्ये 'शुवा'. या 'च'चा आज लिस्बनमध्ये 'श' ऐकू येतो, पण पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा ते 'च'च म्हणत होते. तो जुना उच्चार आपल्या 'चावी'त टिकलाय. मला तरी ही गंमत फार आवडते.

विचारणा
इंग्रजी 'की'च्या जागी सगळीकडे 'यावे' चालेल का? 'यशाची गुरुकिल्ली' वगैरे?

उत्तर
इथेच पाय घसरतो. गुरुकिल्लीला 'क्लावे' म्हणा: 'ला क्लावे देल एक्सितो'. सांकेतिक लिपीची किल्ली, वाय-फायचा पासवर्ड, स्वरलेखनात ओळीच्या सुरुवातीला येणारं चिन्ह, सगळं 'क्लावे'.

दोन्ही शब्द त्याच 'क्लाविस'चे. आपल्या भाषेत सांगायचं तर 'यावे' तद्भव, 'क्लावे' तत्सम. एक लोकांच्या तोंडी झिजत आला, दुसरा शिकलेल्यांनी पोथीतून उचलला. आपल्या 'काम' आणि 'कर्म'सारखंच: रोजचं हाताने करायचं ते 'काम', धर्म-तत्त्वज्ञानातलं ते 'कर्म'. तसंच जे पिळायचं, फिरवायचं, आवळायचं ते बहुतेक 'यावे'. जे डोक्याने उलगडायचं ते 'क्लावे'. नियम अगदी पक्का नाही, 'यावे'ही कधीकधी लाक्षणिक अर्थाने येतो, पण शिकताना एवढं पुरतं.

विचारणा
आणि पियानोची, कीबोर्डची 'की'?

उत्तर
तिथे दोन्ही नाहीत. ती 'तेक्ला'. आणि कीबोर्ड 'तेक्लादो'.