दुनळीचं वजन, तोल आणि फिरत

प्रश्न

जुन्या इंग्रजी दुनळी बंदुकांवरचा एक लेख मराठीत आणतो आहे. सगळा लेख 'हँडलिंग' या एका शब्दाभोवती फिरतो. दोन बंदुका तराजूत अगदी सारख्या भरतात, तरी एक खांद्याला आपसूक येते आणि दुसरी ओढून आणावी लागते, असं त्यात म्हटलं आहे. शब्दकोशात 'हाताळणी' सापडतं. पण 'या बंदुकीची हाताळणी चांगली आहे' असं लिहिलं की ती कुणीतरी जपून वापरली आहे, असा अर्थ होतो. शिवाय 'लाइट', 'लाइव्हली', 'मझल-हेवी' आहेतच. काय वापरावं?

प्रतिसाद

'हाताळणी' नकोच. ती माणसाच्या हाताची क्रिया आहे, तुम्हाला वस्तूचा गुण सांगायचा आहे. 'हाताळायला सोपी' चालेल, पण त्यात तुमच्या लेखाचा जीव येणार नाही. 'हलकी' आणि 'चपळ' मात्र सरळ वापरा.

प्रतिसाद

'हलकी' आणि 'चपळ' सरळ वापरता येतील असं मला वाटत नाही. हे दोन वेगळे गुण आहेत, आणि दोन्ही दरवेळी स्तुतीचे नसतात. शब्द ठरवण्याआधी लेखक कशाची तुलना करतो आहे ते पाहू.

आधी वजन. साधारण १८८० ते १९३० या काळातली लंडनची शिकारी दुनळी, १२ बोअरची, साडेसहा पौंडांच्या आसपास असते, म्हणजे तीन किलोला जरा कमी. बोअरचा आकडा उलटा चालतो, हे वाचकाला एकदा सांगून टाका. एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या पाडल्या तर एका गोळीचा जो व्यास, तो १२ बोअरच्या नळीचा, सुमारे साडेअठरा मिलिमीटर. २० बोअर त्याहून अरुंद, म्हणून ती बंदूकही हलकी.

मग सगळ्यांनी हलकीच का घेऊ नये? कारण धक्का. छर्रे जितक्या जोराने पुढे जातात त्याचा हिशेब खांद्यावर चुकवावा लागतो, आणि तो हिशेब बंदुकीचं वजन सौम्य करतं. बर्मिंगहॅमचे बंदूक बनवणारे ग्रीनर यांच्या नावाने सांगितला जाणारा जुना ठोकताळा असा: छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट बंदूक हवी. एक औंस छर्ऱ्यांना सहा पौंडांची. इंग्रजी शिकारी काडतुसात १ १/१६ औंस, म्हणजे ३० ग्रॅम छर्रे असायचे, त्याला सहा पौंड सहा औंस, सुमारे २.९ किलो. लंडनच्या बंदुका याच आकड्याजवळ का घुटमळतात ते यातून कळतं. तेच काडतूस फार हलक्या बंदुकीत घातलं तर ती 'लाथ मारते'. हा वाक्प्रयोग मराठीत आहे, तो जरूर वापरा.

दुसरा शब्द तोल. काडतूस भरायला दुनळी मधोमध उघडते. नळ्या ज्या खिळीवर खाली झुकतात, तिथे किंवा तिच्या जरा पुढे बोट टेकवून बंदूक आडवी राहिली तर डावा हात आणि उजवा हात जवळपास सारखा भार घेतात. तोल फार पुढे गेला की तुमचं 'मझल-हेवी'. त्याला 'नळ्या जड' म्हणा, 'पुढे जड' म्हणा. 'तोंडजड' नको, तो बनवलेला वाटतो.

खरी मेख तिसऱ्या गोष्टीत आहे. तोल एकाच जागी असलेल्या दोन बंदुका घ्या. एकीचा भार मध्यभागी, दोन हातांच्या बेचक्यात गोळा झालेला. दुसरीचा भार दोन टोकांना, जाड नळ्यांत आणि जड दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागात. तराजू आणि बोट दोघंही त्यांना सारखंच ठरवतील. पण उडत्या पाखरामागे वळवायला गेलं की पहिली लगेच निघते, दुसरी उशिरा निघते आणि एकदा निघाली की थांबायलाही वेळ घेते. शाळेत शिकलेलं जडत्व इथे भेटतं. नळ्या पुढे जड आहेत म्हणून दस्त्याच्या आत शिसं भरलं तर तोल मागे येतो, बंदूक मात्र आधीपेक्षा सुस्त होते. म्हणून चांगला कारागीर नळ्यांवरच कानस चालवायचा. उत्तम लंडनी नळीची भिंत तोंडाकडच्या भागात अर्धा-पाऊण मिलिमीटर इतकी पातळ असते. त्या कानशीच्या कामाला मी या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोठा मान देईन. नक्षीकाम डोळ्यांना दिसतं, हे काम फक्त हाताला कळतं.

या तिसऱ्या गुणाला मी 'फिरत' म्हणेन. गळ्याची फिरत, तबल्यावरच्या हाताची फिरत आपण म्हणतोच. वेग, सहजता आणि ताबा, तिन्ही त्यात आहेत. 'या बंदुकीची फिरत मोकळी आहे' हे वाक्य मला खटकत नाही.

प्रतिसाद

'फिरत' वाचून मन गाण्याकडे जातं. 'झोक' कसा वाटतो?

प्रतिसाद

'झोक गेला' म्हणजे तोल गेला. तोलाशी गल्लत होईल. गाण्याकडे मन गेलं तर बिघडत नाही, अर्थ तोच आहे. मात्र प्रत्येक 'हँडलिंग'ला 'फिरत' चिकटवू नका. एकूण भाराबद्दल असेल तिथे 'पेलणं' आणा: 'दिवसभर पेलवते'. खांद्याला नीट येण्याबद्दल असेल तिथे 'अंगाला बसते'. दस्त्याची लांबी आणि वाक माणसाच्या मापाने ठरवत, तिथे हा शब्द चपखल.

आता 'चपळ'. १९२० च्या दशकात लंडनचे बंदूक बनवणारे रॉबर्ट चर्चिल यांनी २५ इंची नळ्यांचा जोरदार पुरस्कार केला. त्याआधी २८ किंवा ३० इंचांची रीत होती. आखूड नळ्यांची बंदूक झटकन वळते, पण उंचावरून जाणाऱ्या पाखरामागे तेवढीच झटकन थबकतेही. म्हणून पुष्कळ जण ३० इंचांवर ठाम राहिले. लेखकाने 'लाइव्हली' कुठे कौतुकाने आणि कुठे कुरकुरीने म्हटलं आहे ते पाहून 'चपळ' की 'उतावळी' ते ठरवा.

लेखात अमेरिकी दुनळ्या आल्या असतील तर त्यांना सरसकट 'बोजड' म्हणू नका. तिथे बदकांसाठी सव्वा औंसाची भारी काडतुसं चालत. ९६ ने गुणा, साडेसात पौंड येतात, आणि विंचेस्टरची २१ नंबरची १२ बोअर त्याच्याच आसपास भरते. फिलाडेल्फियाच्या फॉक्स बंदुकांवर तर नळ्या किती जड याचा १ ते ४ असा क्रमांक ठोकलेला असे, ४ म्हणजे सर्वांत हलक्या. गिऱ्हाइकाने भार निवडून घ्यायचा.

प्रश्नकर्ता

'फिरत', 'पेलणं', 'अंगाला बसणं' घेतो. 'हॅमरलेस'ला 'बिनघोड्याची' चालेल?

प्रतिसाद

चालेल, रूढ आहे. फक्त एकदा खुलासा करा की घोडे, म्हणजे काडतूस उडवायला आघात करणारे भाग, नाहीसे झालेले नाहीत, आत गेले आहेत. १८७५ च्या अ‍ॅन्सन-डीली रचनेत नळ्या खाली झुकवल्या की आतले घोडे आपोआप चढतात. आणि बोटाने ओढतात तो 'चाप'. बोलण्यात त्यालाही 'घोडा' म्हणतात, पण या लेखात दोन्ही येणार, तेव्हा वेगळे ठेवा. आपल्याकडच्या परवान्यांवर 'डीबीबीएल' (डबल बॅरल ब्रीच लोडिंग, म्हणजे मागून भरायची दुनळी) असतं, ते टाळून 'दुनळी'च लिहा. वजनं पौंड-औंसात ठेवून पहिल्या वेळी किलो द्या, म्हणजे ९६ चा हिशेब वाचकाला स्वतः करून बघता येईल.